चादरीचं दुसरं टोक

जगातले सगळे मोठे शोध एकाच कारणामुळे लागले आहेत: एका सकाळी कुणीतरी उठलं आणि रोज करतो त्यापेक्षा वेगळं काहीतरी करून पाहिलं. कुतूहलावाचून माणूस अजून गुहेतच बसला असता. हे ध्यानात घेऊन गेल्या ऑक्टोबरात मी माझी कपडे धुवायची पाळी मंगळवारवरून गुरुवारवर नेली.

शोध काही लागला नाही. वाटाण्याचं सूप मात्र हुकलं, आणि पाठोपाठ आणखी बरंच काही हुकायची वेळ आली.

या सगळ्याच्या मुळाशी माझी मुलगी टूवे आहे. ती स्टॉकहोमला असते आणि मोठमोठ्या कंपन्यांना बदलाला सामोरं कसं जावं ते शिकवते. कंपन्या तिचं कितपत ऐकतात ठाऊक नाही, पण त्यांना निदान फोन ठेवून देता येतो. मला रविवारी संध्याकाळी तो ठेवता येत नाही, कारण तो मीच केलेला असतो.

"बाबा, तू आता माणूस राहिला नाहीस," सप्टेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली. "वेळापत्रक झालायस."

मी तिचे आभार मानले. गॉथेनबर्गच्या ट्रामची वेळापत्रकं बनवण्यात माझी उभी हयात गेली, आणि माणसापेक्षा वेळापत्रक बरं अशी माझी समजूत होती. तो टोमणा होता हे फोन ठेवल्यावर, दात घासताना लक्षात आलं.

पुढच्या रविवारी तिने फर्मानच काढलं. दर आठवड्याला एक नवी गोष्ट करायची आणि रविवारी तिला सांगायची.

"छोटी चालेल," ती म्हणाली, "पण नवी हवी. पावाला जरा जास्त लोणी लावलं, असलं काही सांगू नकोस."

मी नेमकं तेच सांगणार होतो.

पहिल्या आठवड्यात मी ट्राममध्ये डावीकडे बसलो. आमच्या मायोर्ना भागातून गावात जाताना मी कायम उजवीकडे बसत आलो होतो. का, ते विचारू नका. उजवीकडे जागा नसेल तर मी उभा राहायचो. डावीकडून पाहिलं तर त्याच रस्त्याला दुसरी बाजूही होती. एका खिडकीत एक बाई ॲकॉर्डियन शिकत होती, म्हणजे काचेमागे तिचे हात तरी तसे हलत होते. एक दुकान फक्त दिव्यांवरच्या टोप्या विकत होतं. एका न्हाव्याच्या दुकानात न्हावीच खुर्चीत झोपला होता आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून वर्तमानपत्र वाचत होतं. ज्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं ट्राम धाडल्या, त्याची अर्धी बाजू माझ्या गैरहजेरीत मजेत नांदत होती.

मग मी अशा एका स्टॉपवर उतरलो, जिथे मी आजवर कधीच उतरलो नव्हतो. वेळापत्रकात तो मीच घातला होता. तिथे एक बाक होतं, एक बर्चचं झाड होतं आणि एक गृहस्थ होते. पुढची ट्राम कधी, असं त्यांनी विचारलं. मी वेळ तोंडपाठ सांगितली, तीही जरा रुबाबात. आम्ही दोघं बराच वेळ तिथे बसलो. मी निवृत्त झाल्यावर कुणीतरी वेळापत्रक बदललं होतं. पण त्या गृहस्थांना सोनेरी मासे पाळायचा नाद होता, आणि ट्राम आली तेव्हा मला सोनेरी माशांबद्दल एवढं समजलं होतं की ती आणखी थोडी उशिरा आली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर मी चीजच्या दुकानात जाऊन आजवर कधी न खाल्लेलं चीज मागितलं. विकणारी बाई म्हणाली की याची सवय व्हावी लागते. मी ते बाल्कनीत ठेवलं. थोड्या वेळाने शेजारच्या बाल्कनीचं दार लागल्याचा आवाज आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात साल्टहोल्मेनला समुद्रस्नानाला गेलो आणि गुडघ्यापर्यंत पोचलो. माझ्याहून बऱ्याच वयस्क एक आजीबाई पोहत पोहत जवळून गेल्या आणि म्हणाल्या, या आत, मस्त आहे पाणी. इतक्या शांत चेहऱ्याने खोटं बोलणारी बाई मी पाहिली नव्हती.

मला हे सगळं आवडायला लागलं होतं. टूवेला मी ते कळू दिलं नाही.

पण ऑक्टोबरात एक आठवडा असा आला की शनिवार उजाडला तरी हातात काहीच नवं नव्हतं. बाहेर आमच्या गावातला आडवा पाऊस लागला होता. तेव्हा मी तळघरात गेलो, धुण्याच्या खोलीबाहेरच्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि गुरुवार दुपारचं भोक रिकामं पाहिलं.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या इमारतीत धर्म, राजकारण आणि साहित्य या तिन्ही गोष्टी तिथेच चालतात. बाहेर लाकडी फळा आहे. त्यावर आठवड्याचे दिवस, दर दिवसाला तीन पाळ्या, दर पाळीला एक भोक. प्रत्येक घराला आपल्या नंबराचं एक छोटं कुलूप असतं. हव्या त्या भोकात ते अडकवलं की ती पाळी आपली. धुणं संपलं की कुलूप काढून पुढच्या आठवड्यात अडकवायचं. अमुक वार अमक्याचा असं कुठेही लिहिलेलं नाही, पण मंगळवार सकाळ सिक्स्टेनची, म्हणजे माझी, हे इमारतीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्याच्या पाळीत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. याला शिक्षा नाही, कारण तसं आजवर कुणी केलेलंच नाही. रागावलेला माणूस बोलत नाही, भिंतीवर चिठ्ठी चिकटवतो. 'ड्रायरची जाळी साफ करा!' ही चिठ्ठी मी राहायला आलो तेव्हापासून आहे. कागद बदलतो, अक्षर बदलतं, उद्गारचिन्हं वाढतात. कपड्यांमधून सुटलेला राखाडी कापूस त्या जाळीत साठतो आणि तो काढून टाकायचं सौजन्य काही लोकांना नसतं. एकदा मी त्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने 'अगदी खरं' असं लिहून आलो होतो. बेशिस्त माणसांची मला चीड आहे.

मंगळवारी अकराला माझी पाळी संपायची आणि गुनवोरबाईंची सुरू व्हायची.

गुनवोरबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. नोकरीत असताना त्या बंदरात रेडिओवर बसून जहाजांना वाट सांगायच्या. वादळवाऱ्यात समोरच्याला ऐकू जाईल असं, पण कमीत कमी शब्दांत बोलायची सवय त्यांना तेव्हापासून लागली आहे. जिन्यात मी 'सुप्रभात' म्हटलं तर त्या 'पोचलं' अशी मान हलवतात.

माझी बायको इंगालिल गेली, त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी मी धुणं घेऊन खाली गेलो होतो. यंत्रं मला चालवता आली. मग दुहेरी पलंगाची चादर हातात आली. ती दोन लाटण्यांमधून कपडे दाबून सपाट करणाऱ्या यंत्रातून काढण्याआधी ताणावी लागते, आणि ताणायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे मुठीत धरायचे आणि मागे झुकून ओढायचं, आधी सरळ, मग तिरकं. नंतर घडी घालायला एकमेकांकडे चालत यायचं, आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे आणि पुन्हा मागे जायचं. इंगालिलच्या आईने आम्हाला हे लग्नाआधीच करायला लावलं होतं. ज्यांना सोबत चादर ताणता येत नाही त्यांनी लग्नाच्या भानगडीत पडू नये, असं तिचं मत होतं.

तर मी ती चादर धरून उभा राहिलो होतो. किती वेळ ते ठाऊक नाही, पण अकरा वाजले असणार, कारण दार उघडून गुनवोरबाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली. समोर येऊन चादरीचं दुसरं टोक उचललं आणि मागे झुकल्या.

त्या दिवशी आम्ही एक शब्दही बोललो नाही. त्यांची चादर आल्यावर मी तिचं टोक धरलं. पुढच्या मंगळवारीही तेच झालं, आणि मग दर मंगळवारी होत राहिलं. हळूहळू एक पद्धत पडली. कोपरे द्यायला जवळ आलो की एक वाक्य बोलायचं. "पश्चिमेचा वारा आहे." मग मागे जायचं, ओढायचं, पुन्हा जवळ यायचं. "कालही होता." एकदा त्यांनी इतक्या जोरात ओढलं की मी तोल जाऊन त्यांच्या धुण्याच्या टोपलीत बसलो. तेव्हा त्या हसल्या. बंदरावर एवढं हसल्या असत्या तर दोन-तीन जहाजं खडकावर गेली असती.

या बाईंमुळे माझ्या आठवड्याला मंगळवार होता. पण हे मला त्या शनिवारी फळ्यासमोर सुचलं नाही. मी कुलूप काढलं आणि गुरुवारच्या भोकात अडकवलं. ते नव्या जागी बसताना जरा अडखळलं, हे मी शुभ मानलं.

रविवारी टूवेला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, धुण्याची पाळी? तू? हे खरंच मोठं पाऊल आहे." तिच्या आवाजात असा अभिमान मी तिच्या लहानपणी तिला पोहता आलं तेव्हा माझ्या आवाजात ऐकला होता. त्यानंतर माघार कशी घ्यायची?

गुरुवारी आमच्या देशात वाटाण्याचं सूप असतं, आणि त्यावर पॅनकेक. राजालाही तेच आणि कैद्यालाही तेच, अशी निदान आमची समजूत आहे. ट्रामच्या कॅन्टीनमध्ये आम्ही निवृत्त मंडळी गुरुवारी दुपारी जमतो, सूप पितो आणि नव्या लोकांनी वेळापत्रकाची कशी वाट लावली आहे त्यावर बोलतो. मी तळघरात असल्यामुळे त्या गुरुवारी ते माझ्याविषयी बोलले.

चादरीचं म्हणाल तर मी आधी तिचं एक टोक दाराच्या कडीला बांधून पाहिलं. ओढलं तशी गाठ सुटली आणि मी भिंतीला टेकलो. मग ते टोक कपडे वाळवायच्या कपाटाच्या दारात अडकवलं. या वेळी गाठ सुटायचा प्रश्न नव्हता, दारच उघडलं. शेवटी मी हनुवटीखाली चादर धरून घडी घालायला गेलो, तेव्हा आरशात पाहावं तसं खिडकीच्या काचेत माझं ध्यान दिसलं. भूतही याहून नीटनेटकं दिसत असेल. चादरीचा गोळा करून घरी नेला आणि कपाटात कोंबला. पुढच्या गुरुवारी आणखी एक गोळा झाला. भिंतीवर एक नवी कोरी चिठ्ठीही आली होती: 'गुरुवारी दुपारी जाळी साफ न करणारा हा कोण महाभाग???' मला गुरुवारच्या लोकांची कीव आली. मंगळवारी असले प्रकार कधी होत नसत.

मी मंगळवारी परतायचं ठरवलं. टूवेला काहीतरी थाप मारली असती. पण फळ्यापाशी गेलो तर माझ्या भोकात दुसरंच कुलूप होतं.

ते दारियुशचं होतं. हा तळमजल्यावर उन्हाळ्यात राहायला आलेला गृहस्थ. बेटांवर जाणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, जन्म इथल्या जवळच्याच बोरोस गावचा, आईवडील इराणचे. घरात बायको आणि सहा महिन्यांची जुळी. आमच्या इमारतीचे सगळे नियम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला तो एकमेव माणूस आहे. जुळ्यांच्या बापाकडून धुण्याची पाळी मागून घेणारा माणूस कसला असेल, असा विचार करत मी घरी आलो.

मंगळवारी बाराच्या सुमाराला मी अंगणात गेलो. तळघराच्या खिडक्या अंगणाच्या जमिनीलगत आहेत. माझी सायकल जरा बघावी असं मनात होतं. खिडकीतून सहज नजर गेली तर आत गुनवोरबाई एकट्याच होत्या. नियम पाळणारा दारियुश अकराच्या आधीच आवरून गेला असणार. त्यांनी चादरीचं टोक वाळवणीच्या कपाटाच्या दारात अडकवलं होतं आणि दुसऱ्या बाजूने ओढत होत्या. दार उघडलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, चादर पुन्हा अडकवली, पुन्हा ओढली. दार पुन्हा उघडलं.

मग त्यांनी वर पाहिलं. मी चटकन सायकलीपाशी वाकलो आणि चाकातली हवा तपासू लागलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की सायकल माझी नव्हती. तिला पुढे लहान मुलाची खुर्ची होती.

त्याच संध्याकाळी मी बाल्कनीतलं चीज एका डब्यात घातलं आणि दारियुशचं दार वाजवलं. त्याच्या एका खांद्यावर एक बाळ होतं, दुसरं आतून आपलं मत मांडत होतं. चीज पाहून त्याचे डोळे लकाकले. हे कुठे मिळालं, आईकडे असताना खायचो, असं म्हणत तो उभ्याउभ्याच खाऊ लागला. इमारतीतल्या बऱ्याच जणांचा श्वास मोकळा होणार म्हणून मला बरं वाटलं.

मी हवापाण्याविषयी बोललो, मग इंजिनांविषयी. मग नवं काहीतरी करून पाहण्याविषयी, आणि बोलता बोलता धुण्याच्या फळ्याविषयीही.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला मंगळवार परत हवाय."

मी म्हटलं, छे छे, चीज द्यायला आलो होतो.

"चीज द्यायला आलेला माणूस फळ्यातल्या भोकांवर इतका वेळ बोलत नाही. पण मला देता येणार नाही, खरंच. मंगळवारीच तेवढा मी सकाळी जमिनीवर असतो." त्याने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि तुम्हाला हवा कशाला? गुनवोरबाई तर पुढच्या बुधवारपासून खाली येणारच नाहीयेत."

मी विचारलं, का?

त्यांनी स्वतःचं धुण्याचं यंत्र घेतलं होतं. न्हाणीघरात बसवायला. बुधवारी येणार होतं आणि नळ जोडायला त्यांनी दारियुशलाच सांगितलं होतं.

"मी म्हटलं त्यांना, एकट्या माणसाला यंत्र कशाला? तर म्हणाल्या, खाली हल्ली फार गार वाटतं."

आमची धुण्याची खोली ही इमारतीतली सगळ्यात उबदार जागा आहे. जानेवारीत तिथे लोक सदऱ्याच्या बाह्या सारून काम करतात.

"आणखी काही म्हणाल्या?"

दारियुश बाळाच्या पाठीवर थोपटत राहिला. "म्हणाल्या, आपली अडचण होते हे लोक तोंडाने सांगत नाहीत, कुलूप हलवतात. तेवढं समजतं म्हणाल्या."

इतकी वर्षं कमीत कमी शब्दांत बोलायचा सराव केलेली दोन माणसं. एकाने एक कुलूप दोन दिवस पुढे सरकवलं आणि दुसरीने त्यातून अख्खं पत्र वाचलं. त्यातली एकही ओळ मी लिहिली नव्हती, आणि खुलासा करायला मी गेलोही नव्हतो. आमच्याकडे असंच असतं. ती विचारणार नाही, मी सांगणार नाही, बुधवारी यंत्र येईल, आणि मग आम्ही जिन्यात एकमेकांना मान हलवत म्हातारे होऊ. म्हणजे, आणखी म्हातारे.

"मग सांगा की त्यांना," दारियुश म्हणाला. "मंगळवारी अकराला मी निघालो की जा खाली."

"ती त्यांची पाळी असते."

"मग?"

"दुसऱ्याच्या पाळीत कसं जायचं?"

मला वाटलं तो हसेल. पण तो बोरोसला जन्मलेला आहे. त्याचा चेहरा गंभीर झाला आणि त्याने बराच वेळ विचार केला.

"हं," तो म्हणाला. "ते आहेच." मग चीजचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "पण काका, तुम्ही दर आठवड्याला काहीतरी नवं करता ना? हे आजवर कुणी केलं नसेल."

त्या रविवारी मी टूवेला काहीच सांगितलं नाही. या आठवड्याचं अजून व्हायचंय, एवढंच म्हणालो. बरा आहेस ना, असं तिने दोनदा विचारलं.

मंगळवारी मी दाढी केली. चादरींचे दोन्ही गोळे कपाटातून काढून टोपलीत घातले. मनात एक भाषण तयार होतं. त्यात चादरी होत्या, इंगालिल होती, ट्रामची डावी बाजू होती आणि शेवटी एक असं वाक्य होतं, जे मी आजवर आयुष्यात एकाच बाईला म्हटलं होतं आणि तिलाही जरा घाईतच. जिना उतरताना दारियुश वर येत होता. त्याने टोपलीकडे पाहिलं आणि बाजूला झाला, बोट धक्क्याला लागताना खलाशी होतात तसा.

धुण्याच्या खोलीचं दार मी वाजवलं. ते दार आजवर कुणी वाजवलंच नसल्यामुळे आतून काय उत्तर द्यायचं ते गुनवोरबाईंना सुचलं नसावं. थोड्या वेळाने त्यांनी ते उघडलं. मागे कपाटाच्या दारात चादरीचं टोक लटकत होतं.

"माझी पाळी आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "तरी आलोय."

हे वाक्य त्या खोलीच्या इतिहासात पहिलंच असेल. त्या दारातून बाजूला झाल्या. मी आत गेलो, टोपली खाली ठेवली आणि भाषण सुरू केलं. ते मधूनच सुरू झालं. सोनेरी मासे आधी आले, मग सूप, मग दाराची कडी. माझ्या मुलीने मला वेळापत्रक म्हटलं हे सांगितलं. नवं काहीतरी करायचं म्हणून कुलूप हलवलं, त्यात दुसरं काहीही नव्हतं, आणि असतं तर मी ते सांगितलं असतं असं म्हणालो. मग जरा थांबून, नसतंच सांगितलं, हेही म्हणालो.

गुनवोरबाई ऐकत होत्या. रेडिओवर खरखर येत असताना ऐकावं तशी त्यांची मान कलली होती.

"मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"माझा."

"नाही हो," मी म्हटलं. "मला गुरुवारचा आला."

त्यांनी कपाटाचं दार उघडून चादर सोडवली आणि तिचे दोन कोपरे माझ्यापुढे धरले. मी ते घेतले. आम्ही मागे झुकलो, सरळ ओढली, तिरकी ओढली. चादर फटकन वाजली. हा आवाज मी तीन मंगळवार ऐकला नव्हता. घडी घालायला आम्ही एकमेकांकडे चालत आलो.

"नवी गोष्ट कशी होती?" त्यांनी विचारलं आणि कोपरे माझ्या हातात दिले.

मागे गेलो. ओढली. पुन्हा जवळ आलो.

"काही गोष्टी छान होत्या," मी म्हटलं. "ट्रामची डावी बाजू तुम्हाला दाखवायला हवी. तिथे एक बाई ॲकॉर्डियन वाजवते."

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. गुरुवार सोडून."

त्यांनी मान हलवली. पोचलं होतं.

त्यांची चादर झाली, मग माझ्या गोळ्यांची पाळी आली. ते उलगडताना त्यांची एक भुवई वर गेली. दुसऱ्या गोळ्याच्या शेवटच्या घडीला आम्ही समोरासमोर आलो, चारही कोपरे आमच्या चार हातांत होते, आणि मी विचारलं की ते उद्या येणारं यंत्र परत पाठवता येतं का.

त्यांनी कोपरे सोडले नाहीत.

"येईल की," त्या म्हणाल्या. "सांगते त्यांना." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या, "सिक्स्टेन, एक बोलू? खूप वर्षं मनात आहे."

माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य अजून शिल्लक होतं. ते घशापर्यंत आलं. त्यांना आधी बोलू द्यावं म्हणून मी ते तिथेच थांबवलं आणि म्हटलं, बोला, मनमोकळं बोला.

"जाताना तेवढी ड्रायरची जाळी साफ करून जात जा हो. दर मंगळवारी तुमच्यामागून मीच करत आलेय."